तिसऱ्या नंबरचा प्लग

थंडी पडली की ताईची गाडी सकाळी उठायला तयार नसायची. ताई स्वतः पाचला उठून, आंघोळ आटोपून, पर्स काखेत मारून तयार. गाडी मात्र किल्ली फिरवली की नुसती खोकायची, मागून पांढरा धूर सोडायची आणि गप्प व्हायची. गाडी एकवीस वर्षांची, डिझेलवरची, आणि तिचा मूळ रंग कुठला हे कागदपत्रं बघूनच सांगावं लागेल अशी. ताईने आठवडाभर तिची मनधरणी केली. दोनदा शेजाऱ्याकडून धक्का मारून घेतला. तिसऱ्या दिवशी तिला बघून शेजाऱ्याने खिडकीचा पडदा ओढून घेतला, तेव्हा मात्र तिने धाकट्या भावाला फोन केला.

धाकटा भाऊ म्हणजे मिस्त्री. त्यालाही आईबापांनी नाव ठेवलं होतं, पण चाळीस वर्षांत ते फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. बायकोसकट सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. गॅरेज त्याचं, म्हणजे पूर्वी त्याचं. सहा वर्षांपूर्वी ते त्याच्या लेकीने हातात घेतलं. तिचं लाडाचं नाव चिमी. हे नाव पडलं तेव्हा ती दीड फुटाची होती. आता शटर ओढायला तिला टाचासुद्धा उचलाव्या लागत नव्हत्या, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. ज्या नव्या गाड्यांना आधी कॉम्प्युटर जोडावा लागतो त्या चिमीकडे, आणि जुन्या डिझेल गाड्या मिस्त्रीकडे, अशी वाटणी आपोआप झाली होती. जुनी गाडी आली की मिस्त्री ती चालू करायला लावायचा, हात मागे बांधून दोन मिनिटं बाजूला उभा राहायचा, आणि मग बॉनेट न उघडताच सांगायचा काय बिघडलंय ते. गिऱ्हाइकं ह्यावर जाम खूश असत. ह्या दोन मिनिटांसाठी लोक लांबून यायचे.

आता ह्या माणसाने वर्षभर एक गोष्ट लपवली होती, ती मी आधीच सांगून टाकतो. उगाच शेवटपर्यंत झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही. त्याला बारीक आवाज ऐकू येत नव्हते. इंजिनाची घरघर, ट्रकचा हॉर्न, समोर उभं राहून कोणी बोललं तर ते, हे सगळं ठीक. पण किटलीची शिट्टी गेली, झाडावरचे पक्षी गेले, गाडीतल्या इंडिकेटरची टिकटिक गेली. एकदा तो डावा इंडिकेटर चालू ठेवून अख्खं गाव ओलांडून आला, आणि मागच्या गाडीवाल्याने उतरून त्याला हात जोडले. घरी बायको टीव्हीचा आवाज कमी करायची, हा वाढवायचा. दोघं त्याला रिमोटवरून भांडण समजत होते.

गॅरेजमध्ये तो अजूनही हात मागे बांधून दोन मिनिटं उभा राहायचा. फक्त आता तो धूर बघायचा, बॉनेटवर तळहात ठेवून थरथर बघायचा आणि गिऱ्हाइकाला चार प्रश्न जास्त विचारायचा. तेवढ्यावर भागत होतं. निदान त्याला तसं वाटत होतं. लपवायचं कारण साधं होतं. ज्याला ऐकू येत नाही त्याला जुन्या डिझेलपाशी कोण उभं करणार? चिमी त्याला काउंटरमागे खुर्चीत बसवणार, आलेल्या माणसाला पाणी विचारायला. त्याला दुसरं काही करता येत नव्हतं, आणि करायची इच्छाही नव्हती.

ताई दुपारी आली. उन्हं वर आल्यावर गाडी कशीबशी चालू झाली होती. मिस्त्रीने धुराकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "हीटर प्लग."

"म्हणजे फार मोठं काही?"

"बोटभर लांबीचं."

ताई जन्मभर शाळेत शिकवत आलेली, तिला पूर्ण उत्तर लागायचं. मग त्याने सांगितलं, की डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते, आतली हवा तापली तरच डिझेल पेट घेतं. थंडीत ती हवा आधी तापवायला प्रत्येक सिलिंडरमध्ये एकेक हीटर प्लग असतो. किल्ली अर्धी फिरवली की त्याचं टोक लाल होतं. चार सिलिंडर, चार प्लग. त्याने वरची तार सोडवून चारींना मीटर लावून बघितलं, तर दुसरा आणि तिसरा मेलेले.

"पण चारी बदलायचे," तो म्हणाला. "दोन गेले म्हणजे उरलेले दोन रांगेत उभेच आहेत."

चिमी नवे चार प्लग आणायला दुकानात गेली. मिस्त्रीने इंजिन चांगलं अर्धा तास चालवून तापवलं, बंद केलं, प्लगांच्या बुडाशी गंज सोडवणारं तेल मारलं आणि जरा वेळ जाऊ दिला. ताई बाजूला स्टूल घेऊन बसली. इथपर्यंत सगळं रीतसर.

जुना हीटर प्लग काढणं म्हणजे जोराचं काम नाही. जोर कोणीही लावेल. प्लग पोलादाचा, तो बसलेला असतो इंजिनाच्या वरच्या भागात, म्हणजे हेडमध्ये. वर्षानुवर्षं तापून-निवून त्याचे आटे तिथे जाम होतात. प्लगची मान ही एवढीशी. एक फटका जास्त पडला की वरचा तुकडा हातात आणि खालचा आत. मग ते काढायचं कसं? मिस्त्रीने चिमीला हे काम शिकवलं तेव्हा पाना हातात द्यायच्या आधी त्याने तिला डोळे मिटायला लावले होते. आटे सुटत असले की प्लग कुरकुरतो, उंदराने लाकूड कुरतडावं तसा, अगदी बारीक. कुरकुर चालू आहे तोवर फिरवत राहा. कुरकुर बंद झाली आणि पाना तरीही वळतोय, तर आटे सुटत नाहीयेत, मान पिळतेय. हात तिथल्या तिथे काढायचा, प्लग उलटा परत आत घ्यायचा, तेल मारायचं आणि वाट बघायची. हाताला दोन्ही वेळी सारखंच लागतं, म्हणून कानांवर भिस्त. त्याने चाळीस वर्षांत एकही प्लग तोडला नव्हता, आणि ही गोष्ट तो कोणी न विचारता सांगायचा.

पहिला निघाला. दुसराही निघाला. मिस्त्रीला जरा चेव आला. तिसऱ्याला पाना लावून तो बॉनेटखाली वाकला.

"अरे, तो आवाज थांबला," मागून ताई म्हणाली.

मिस्त्रीचं डोकं इंजिनात होतं. त्याने पाना ओढला.

"ए, मघापासून येत होता तो आवाज आता येत नाहीये."

त्याने आणखी ओढला. आणि मग जे झालं ते त्याला मनगटात कळलं. पाना एकदम मोकळा झाला. त्याने तो बाहेर काढला, पान्याच्या टोकाच्या सॉकेटमध्ये बघितलं. आत प्लगची षटकोनी टोपी आणि खाली तुटलेली मान. चकचकीत, नुकतीच पिळून तुटलेली.

"मी दोनदा सांगितलं तुला," ताई म्हणाली.

"काय सांगितलंस?"

"की आवाज बंद झाला म्हणून. कीर कीर कीर येत होता ना, बाकीच्या दोघांच्या वेळीही आला होता. मध्येच थांबला. म्हटलं, ह्याला कळलं असेल."

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिला. मोठी बहीण, सदुसष्ट वर्षांची, जिला आपल्या गाडीला टायर किती हे मोजून सांगावं लागतं, तिने ते ऐकलं होतं. आणि तो इंजिनावर वाकलेला, वीतभर अंतरावर.

"तुला काय कळतंय त्यातलं," तो म्हणाला. त्याच्या तोंडून हे फार कडक निघालं. ताईने भुवया वर केल्या आणि पर्समधून वर्तमानपत्र काढलं.

तेवढ्यात चिमी आली. तिने तुटलेला तुकडा हातात घेऊन उलटसुलट फिरवला. चाळीस वर्षांच्या विक्रमाबद्दल ती काही बोलली नाही, एवढा शहाणपणा तिच्यात होता. तिने फक्त एकच प्रश्न विचारला, जो त्यानेच तिला विचारायला शिकवला होता.

"कुरकुरत होता का?"

इथेच घोडं पेंड खात होतं. कारण पुढचं सगळं काम ह्या उत्तरावर उभं होतं. प्लग कुरकुरता कुरकुरता तुटला असेल, तर खालचे आटे सुटलेले आहेत, मानच कुजलेली होती. मग तुकडा काढणं सोपं. मधोमध भोक पाडायचं, त्यात एक्सट्रॅक्टर, म्हणजे उलट्या आट्यांची कडक पोलादी सळई, ठोकायची आणि फिरवायची. तुकडा तिच्याबरोबर वर येतो. पण कुरकुर थांबून तुटला असेल, तर तुकडा आत घट्ट जाम आहे. तिथे सळई फिरवली तर तुकडा हलायचा नाही, सळईच आत तुटायची. आणि ती इतकी कडक की तिच्यात कोणतंही ड्रिल शिरत नाही. मग हेड उतरवायचं, आणि एकवीस वर्षांचं हेड एकदा उतरवलं की ते परत नीट बसेल ह्याची खात्री कोणी देत नाही. थोडक्यात, गाडी गेली.

मिस्त्रीला हे सगळं पाठ होतं. त्याने चिमीच्या डोळ्यात बघितलं आणि म्हणाला, "कुरकुरत होता. एकदम गेला."

ताईने वर्तमानपत्र खाली केलं. तिने भावाकडे बघितलं, भाचीकडे बघितलं, आणि पुन्हा वर्तमानपत्र वर केलं. एका शब्दाने एवढं काय होतं हे तिला ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, बापाला लेकीसमोर लाज वाटली असेल.

"बरं झालं," चिमी म्हणाली. "मग सोपं आहे. आत्या, गाडी आज राहू दे. रात्रभर तेल मुरू देते, सकाळी सळईने काढते."

ताई बसने घरी गेली. मिस्त्रीही घरी आला, जेवला, टीव्हीसमोर बसला आणि आज त्याने आवाज वाढवला नाही. बायकोने दोनदा वळून बघितलं. तो स्वतःची समजूत घालत होता. ताईला भास झाला असेल. ती कानात कापूस घालून फिरणारी बाई. कुरकुर थांबली असेलच असं नाही, थांबली तरी शेवटच्या क्षणी थांबली असेल. शिवाय रात्रभर तेल मुरणार म्हणजे सैल होईलही. आपल्याच पोटी जन्मलेली पोर आहे, तिच्या हाताला कळेल. हाताला कळत नाही हे त्यानेच तिला शिकवलं होतं, तेवढं मात्र तो सोयीस्करपणे विसरला.

सकाळी ताई बघायला आली. "माझ्या गाडीचं ऑपरेशन आहे, मी घरी बसून काय करू?" असं म्हणून तिने कालचंच स्टूल ओढलं. चिमीने दिवा बॉनेटला अडकवला आणि ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावलं, म्हणजे कीस आत न पडता ग्रीसला चिकटतो. मग बारीक भोक पाडायला घेतलं. घाई नाही, दाब नाही. दर दहा सेकंदांनी ड्रिल बाहेर, कीस पुसायचा, पुन्हा ग्रीस. मिस्त्री दोन पावलं मागे उभा होता. तिचं काम बघून एरवी त्याला बरं वाटायचं. आज तो दर वेळी ड्रिल बाहेर आलं की पुढे वाकून भोकात बघत होता.

भोक झालं. चिमीने सळई काढली, तिचं टोक भोकात ठेवलं आणि हातोडीने तीन हलके ठोके दिले. सळई बसली. तिने तिच्या डोक्याला पाना लावला, पाय नीट रोवले.

"काल किती फिरला होता, तुटायच्या आधी?" तिने मान न वळवता विचारलं.

तिचं तोंड इंजिनाकडे होतं, म्हणून त्याला फक्त आवाज कळला, शब्द नाहीत. तिने मान वळवून पुन्हा विचारलं. आता कळलं.

"पाव फेरा," तो म्हणाला.

"मग येईलच." तिने पान्यावर हात घट्ट केला.

मिस्त्रीने एक वार ताईकडे बघितलं. ताई चिमीच्या हाताकडे बघत होती, चेहऱ्यावर पूर्ण विश्वास. ह्या दोघीजणी त्याच्या एका शब्दावर उभ्या होत्या, आणि तो शब्द खोटा होता. काउंटरमागची खुर्ची त्याला दिसत होती, चांगली स्पष्ट दिसत होती.

"थांब," तो म्हणाला.

चिमी थांबली.

"फिरवू नकोस. काल कुरकुरत नव्हता."

"म्हणजे?"

"म्हणजे आधी कुरकुरत असेल. मग थांबला. आत्याने ऐकलं. मी ओढत राहिलो."

"थांबला तर ओढलंत कशाला?" चिमी गोंधळली. "तुम्ही?"

"मला ऐकूच आलं नाही. कुरकुरत होता तेही नाही आणि थांबला तेही नाही." एकदा तोंड उघडल्यावर बाकीचं थांबेना. "बारीक आवाज मला येत नाहीत, चिमे. गेल्या थंडीपासून."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. चिमीने पान्यावरचा हात हळूच काढला, सळई उलटी हलवून बाहेर घेतली आणि चिंधीवर ठेवली. ती पाणी आणून देईल, खांद्यावर हात ठेवेल असं काही वाटलं असेल कोणाला, तर तसं झालं नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

"मला खोटं सांगितलंत," ती म्हणाली. "मी विचारलं, आणि माझ्या डोळ्यात बघून खोटं सांगितलंत. ही सळई आत तुटली असती तर आत्याची गाडी भंगारात गेली असती. आणि मला जन्मभर वाटलं असतं की माझा हात चुकला."

"हो," मिस्त्री म्हणाला.

"हो काय? तुम्ही ते चालू दिलं असतं?"

"नाही ना चालू दिलं."

"काल दिलंत. रात्रभर दिलंत!"

ताई स्टुलावरून उठायला लागली, तिला काहीतरी मधलं बोलून दोघांना शांत करायचं होतं. पण शिक्षकाला कुठे गप्प बसायचं हे बरोबर कळतं, आणि ती पुन्हा खाली बसली.

मग काम झालं. हे मी लांबवत नाही, कारण ते लांबलंच होतं, जेवणाच्या वेळेपर्यंत. चिमीने सळईचा नाद सोडला आणि ड्रिल पायरीपायरीने मोठं करत नेलं. तुकड्याची नुसती पातळ साल आट्यांना चिकटून राहीपर्यंत ती थांबली नाही. ती साल अणकुचीदार सुईने एकेक आटा सोडवत बाहेर ओढली. मिस्त्री दिवा धरून उभा होता. "डावीकडे," "थोडा वर," एवढंच ती बोलत होती. शेवटचा कीस नळीने ओढून घेतला, आटे साफ केले, नवा प्लग हाताने आत फिरवला आणि तो गुळगुळीत खाली गेला.

चौथा अजून बाकी होता. चिमीने पाना उचलला आणि बापापुढे धरला.

"मी?"

"हात तुमचा माझ्यापेक्षा चांगला आहे. फिरवा. मी ऐकते."

त्याने पाना लावला. ती त्याच्या शेजारी वाकून इंजिनाला कान देऊन राहिली आणि डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं. "येतोय," ती म्हणायची. "येतोय. येतोय. थांबा! उलटा घ्या. तेल. हं, आता परत. येतोय." त्याला काही ऐकू येत नव्हतं, पण तिचं तोंड त्याच्या बाजूला होतं. वीस मिनिटांनी प्लग अख्खा बाहेर आला. ताईने टाळ्या वाजवल्या. उरलेले नवे प्लग बसवून वरची तार जोडली, तशी गाडी पहिल्या किल्लीला उठली, आणि धूर नाही की खोकला नाही.

खुशीत हात धुऊन सगळे बसणार, तोच चिमीने एक रिकामं पुठ्ठ्याचं खोकं फाडून समोर ठेवलं आणि पेन उघडलं.

"आता सांगा. गेल्या थंडीपासून तुम्ही एकट्याने ऐकून पास केलेल्या गाड्या."

मिस्त्रीला आधी कळलंच नाही तिला काय हवंय. मग कळलं, आणि तोंडात मारल्यासारखं झालं. ब्रेकची पट्टी संपत आली की आधी बारीक किंचाळते, मोठ्याने नाही. पट्ट्याचं बेअरिंग जायच्या आधी चिंचिं करतं. डिझेलची नळी चिरली की नुसतं सुस्स येतं. वर्षभर तो बॉनेटवर तळहात ठेवून "घेऊन जा, मस्त चालतेय" म्हणत होता, आणि माणसं त्यांच्या पोराबाळांना बसवून त्या गाड्या घेऊन जात होती. हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं असं नाही. प्रत्येक वेळी आलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्याने ते बाजूला सारलं होतं.

"बेकरीवाल्याची व्हॅन," तो म्हणाला. "टपालवालीची हिरवी गाडी. दातांच्या डॉक्टरची. रंगाऱ्याचा टेम्पो. रंगाऱ्याच्या भावाची..." कान गेले असले तरी डोकं जागेवर होतं. तो एकही विसरला नाही. एकोणीस झाल्या.

चिमी फोन घेऊन दारापाशी गेली आणि पाठ करून उभी राहिली. मिस्त्री बाकावर बसून तिच्या पाठीकडे बघत होता. ती बोलत होती, थांबत होती, पुन्हा बोलत होती. एक फोन झाला, दुसरा झाला. तिसऱ्याच्या वेळी ती बराच वेळ नुसतीच ऐकत होती, मग तिने मान खाली घातली आणि हात कपाळाला लावला. कोणीतरी तिला चांगलंच झापत होतं.

"काय म्हणतेय ती?" मिस्त्रीने ताईला विचारलं.

ताईने पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली.

"ताई."

"म्हणतेय, गाडी सोडायच्या आधी तपासायचं तिच्याकडून राहून गेलं. तिची चूक आहे, तिला माफ करा, गाडी एकदा आणून दाखवा." ताई त्याच्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून सांगत होती. "तिघांनाही हेच सांगितलं. तुझं नाव काढलं नाही."

मिस्त्री उठला. गॅरेजच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस पावलं असतील. तो चिमीसमोर जाऊन उभा राहिला आणि हात पुढे केला. तिने मान हलवून नको म्हटलं. त्याने हात मागे घेतला नाही. शेवटी तिने फोन दिला.

त्याने तो कानाला लावला. आत काहीतरी होतं, दूरची भणभण, ज्यातून एकही शब्द हाती लागत नव्हता.

"मी मिस्त्री बोलतोय," तो मोठ्याने म्हणाला. "तिची चूक नाही. तुमची गाडी मी पास केली होती, आणि मला ऐकू येत नाही. वर्ष झालं. मी कोणाला सांगितलं नाही. तुम्ही आता मला काय म्हणताय तेही मला कळत नाहीये, तेव्हा तुम्हाला जे बोलायचं ते तिच्यापाशी बोला. ब्रेक दाखवून घ्या. आज दाखवा, उद्यावर टाकू नका."

त्याने फोन कानापासून काढला आणि लेकीच्या हातात दिला.

"काय म्हणतात ते ऐक आणि मला सांग, जसंच्या तसं," तो म्हणाला. "आणि मग चौथा नंबर लावून दे."